घाई कशाची, सवड कशाची

ओमानमध्ये इब्रीहून मस्कतला गाडीने तीन तास लागतात. अंतर तीनशे किलोमीटरच्या आतबाहेर, रस्ता गुळगुळीत, दोन्ही अंगांना उघडेबोडके तपकिरी डोंगर. मिरजेहून पुण्याला जाताना आपण याहून जास्त वेळ एसटीत बसतो आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. इथल्या रुग्णालयात काम करणाऱ्याला मात्र हे तीन तास सतत डोक्यात ठेवावे लागतात. हृदयाची शस्त्रक्रिया मस्कतला, कॅन्सरचे उपचार मस्कतला. अद्-दाहिरा प्रांतातलं मोठं सरकारी रुग्णालय आमचं. यन्कुल आणि धंक भागातली माणसं येतात, फहूदच्या तेलक्षेत्रातले कामगार येतात, वाळवंटाच्या कडेला उंट राखणारे बेदुईन येतात. यांतल्या कुणाला पुढे पाठवायचं, आणि पाठवायचं तर आत्ता की सवडीने, हा आमचा रोजचा प्रश्न.

मी मिरजेत नर्सिंग शिकले आणि इथे आले त्याला बरीच वर्षं झाली. आधी नवजात बाळांचा कक्ष, मग लेबर रूम, नंतर हृदयरुग्णांचा वॉर्ड असं करत आता माझ्याकडे समजावून सांगण्याचं काम जास्त असतं. घरी निघालेला रुग्ण, मस्कतला निघालेला रुग्ण, कागद हातात घेऊन भांबावलेले नातेवाईक. अरबी मी रुग्णांकडूनच शिकले. वयस्कर पुरुषाला ‘वालिद’, म्हणजे वडील, आणि बाईला ‘वालिदा’, म्हणजे आई, अशी हाक मारली की निम्मं काम सोपं होतं, हेही त्यांनीच शिकवलं.

रुग्ण विचारतो, काय झालंय? आपण आजाराचं नाव सांगतो. पण त्यानंतर तो काय करेल हे ठरतं दुसऱ्याच गोष्टीवर. आपल्या हाताशी किती वेळ आहे असं त्याला वाटतं, त्यावर. मिनिटं आहेत, तास आहेत, आठवडे आहेत की महिने? हे कुणी नीट सांगितलं नाही तर माणूस आपल्या मनानेच अंदाज बांधतो, आणि तो बहुधा उलटा बांधतो. छातीत कळ आलेला माणूस दुपारपर्यंत घरी थांबतो, आणि बायपास सांगितलेला माणूस त्याच रात्री विमानाचं तिकीट काढायला धावतो. माझ्या मते रुग्णाला मार्गदर्शन करणं म्हणजे आधी त्याला हे सांगणं: घाई कशाची आहे आणि सवड कशाची.

पाण्याच्या टँकरवर काम करणारे रत्नागिरी जिल्ह्यातले एक ड्रायव्हर एकदा सकाळी अकराच्या सुमारास चालत आले. पहाटे छातीत जड वाटलं म्हणून सोडा पिऊन झाला होता, दोन खेपाही टाकून झाल्या होत्या. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. माझं मराठी ऐकून त्यांना एकदम हायसं वाटलं.

“गॅस झालाय ताई, दुसरं काय नाय. रात्री जेवण जड झालं.”

ईसीजीच्या कागदावर हार्ट अटॅक स्पष्ट दिसत होता. हृदयाच्या एका रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती आणि तिच्या पलीकडचा स्नायू दर मिनिटाला मरत होता. अशा वेळी सगळ्यात चांगलं म्हणजे ताबडतोब अँजिओप्लास्टी. पण ती दोन तासांच्या आत होणार नसेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथल्या तिथे द्यायचं, रुग्ण दारात आल्यापासून अर्ध्या तासात, आणि मग मोठ्या केंद्रात पाठवायचं. पहिल्या तीन तासांत या इंजेक्शनचा फायदा सर्वांत जास्त, बारा तासांपर्यंत थोडाफार. इब्री आणि मस्कत यांच्यातलं अंतर बघता आमच्याकडे हाच मार्ग.

डॉक्टर प्रश्न विचारत होते: मेंदूत रक्तस्राव झाला होता का, इतक्यात ऑपरेशन झालंय का, पोटातून रक्त जातं का? या इंजेक्शनने रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून ही चौकशी टाळता येत नाही. आणि आमच्या ड्रायव्हरसाहेबांचं वेगळंच चाललं होतं. त्यांना आधी गावी बायकोला फोन करायचा होता, मग मालकाला. मग म्हणाले, “मला आजच्या विमानात बसवा. काय करायचं ते मुंबईला जाऊन करतो.”

परक्या देशात जिवावर बेतलं की माणसाला आपल्या माणसांत जावंसं वाटतं. यात चूक काहीच नाही. पण अर्धवट मेलेलं हृदय घेऊन विमानात चढणं म्हणजे काय, हे त्या क्षणी त्यांना समजावण्यात वेळ घालवायला नको होता. मी एवढंच म्हटलं, “भाई, मुंबई कुठे जात नाही. हे इंजेक्शन आत्ता. बायकोला मी फोन लावते, तुम्ही हात सरळ ठेवा.” एका हाताने सलाईनची सुई धरून दुसऱ्या हाताने मी त्यांच्या फोनवरून गावी बोलले. पलीकडे बाई रडत होत्या, त्यांनाही तेच सांगितलं: आजचं आज इथे होऊ दे, पुढचं सगळं आठवड्याभराने बोलू. तासाभरात ईसीजी सुधारू लागला आणि दुपारी ॲम्ब्युलन्स मस्कतला निघाली. दुसऱ्या दिवशी अँजिओग्राफी होऊन स्टेंट बसला.

छातीतलं दुखणं वीस मिनिटांहून जास्त टिकलं, घाम आला, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ गेली, तर ते पित्त आहे असं स्वतः ठरवायचं नाही. आणि मधुमेह असलेल्यांना कित्येकदा दुखतही नाही. नुसती धाप लागते किंवा अकारण गळून गेल्यासारखं होतं. आखातात राबणाऱ्या आपल्या माणसांत मधुमेह कमी नाही, आणि सुट्टी मागण्याची भीतीही कमी नाही.

बायपासचं घड्याळ बहुतेक वेळा वेगळं चालतं. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची गोष्ट सांगते. हे वालिद त्यांच्या गावच्या फलजचं काम बघत. फलज म्हणजे डोंगरापासून खजुराच्या बागांपर्यंत पाणी आणणारा पाट. यातलं पाणी शेकडो वर्षं वेळेवर मोजून वाटलं जातं. वाट्याचं माप ‘अथर’, म्हणजे साधारण अर्धा तास. दिवसा सावलीवरून आणि रात्री ताऱ्यांवरून ते मोजत. आता घड्याळं आली, पण हिशेब तोच. मस्कतच्या अँजिओग्राफीत त्यांच्या डाव्या मुख्य धमनीच्या तोंडाशीच मोठा अडथळा सापडला होता, शिवाय मधुमेह. बायपासच हवी असं ठरलं. मुलं म्हणत होती, आज रात्रीच बंबईला नेतो. वडील म्हणत होते, उन्हाळा जाऊ दे, खजूर उतरू दे, मग बघू.

मी कागदावर पाट काढला. मुख्य तोंडाशी दगड येऊन बसलाय, पाणी अजून सगळ्या बागांना पोचतंय, पण धार बारीक झाली आहे. दगड आणखी सरकला तर एकही बाग उरणार नाही. शस्त्रक्रियेत दगड काढत नाहीत, त्याच्या बाजूने दुसरा पाट खणतात. पायातली शीर आणि छातीच्या आतल्या भिंतीवरची धमनी वापरून. त्यांनी कागद हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि विचारलं, “मग किती दिवस थांबता येईल?” हाच प्रश्न मला हवा होता. हृदयतज्ज्ञांनी सांगितलं होतं, दुखणं नाही तोवर औषधं चालू ठेवून दोन आठवडे थांबायला हरकत नाही, दोन महिने नाही. मुलांची घाई आणि बापाची टाळाटाळ, दोन्ही त्या एका वाक्याने जागेवर आली.

हे दोन आठवडे फार कामाचे असतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांपैकी कुठली कधी थांबवायची, हे शल्यविशारद सांगतात. क्लोपिडोग्रेल साधारण पाच दिवस आधी बंद करतात, पण आपल्या मनाने एकही गोळी सोडायची नाही. साखर ताब्यात आणायची, तंबाखू त्याच दिवशी सोडायची, दात किडले असतील तर दाखवून घ्यायचे. श्वासाचं ते तीन गोळ्यांचं यंत्र आधीच घरी नेऊन सवय करायची. शस्त्रक्रियेनंतर छातीला टाके असताना हे नव्याने शिकणं जड जातं. परदेशी जायचं असेल तर अँजिओग्राफीची सीडी, नुसता कागद नव्हे. आणि एक गोष्ट मी प्रत्येकाला लिहून देते. ओमानमध्ये साखर मिलिमोलमध्ये मोजतात, भारतात मिलिग्राममध्ये. इथला आकडा अठराने गुणला की तिकडचा येतो. इथली सात म्हणजे तिकडची एकशे सव्वीस. हे माहीत नसल्यामुळे गावाकडच्या नातेवाइकांनी ‘साखर फक्त सात? मग लाडू खाऊ द्या’ म्हटल्याचं मी ऐकलं आहे.

शस्त्रक्रिया मस्कतलाच झाली. परत आल्यावर वालिदांचा पहिला प्रश्न होता, नमाजातला सजदा कधी करता येईल? माझ्या मिरजेच्या काकांनी बायपासनंतर विचारलं होतं, मांडी घालून जेवायला कधी बसू? छातीचं मधलं हाड कापून तारेने शिवलेलं असतं. ते जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. तोवर हातांवर भार देऊन जमिनीवरून उठायचं नाही, चार-पाच किलोंवरचं ओझं उचलायचं नाही, गाडी चालवायची नाही. नमाज खुर्चीवर बसून. खोकताना उशी छातीशी घट्ट धरायची. ज्या पायातली शीर काढली त्याला सूज येते, बसल्यावर तो उंच ठेवायचा. जखमेतून पाणी आलं, ताप आला, किंवा श्वास घेताना छातीच्या हाडातून कट् असा आवाज जाणवला, तर मात्र थांबायचं नाही.

आणखी एक गोष्ट मी न विसरता सांगते, कारण ती सहसा कुणी सांगत नाही. बायपासनंतर रडू येतं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, काही कारण नसताना. वर्षानुवर्षं घर चालवलेले पुरुष बायकोसमोर, सुनेसमोर रडतात, आणि आपण खचलो, संपलो असं त्यांना वाटतं. झोप उडते, जेवण जात नाही. बऱ्याच जणांचं हे आपोआप ओसरतं. दोन-तीन आठवड्यांनीही कमी झालं नाही तर डॉक्टरांना सांगायचं, त्यावर उपचार आहेत. वालिदांच्या मोठ्या मुलाला मी हे आधीच सांगून ठेवलं होतं. त्याने नंतर फोन करून म्हटलं, “सिस्टर, तुम्ही म्हणाला होता तसं झालं. म्हणून मी घाबरलो नाही, त्यांच्याजवळ नुसता बसलो.”

गरोदरपणाला वेळेची चौकट आधीच आखलेली असते. ओमानमध्ये गर्भवतीला हिरवं कार्ड मिळतं आणि बाळ जन्मलं की त्याचं गुलाबी कार्ड. प्रत्येक तपासणी त्यावर लिहिली जाते आणि बायका ते कार्ड जपून ठेवतात. पहिली भेट बारा आठवड्यांच्या आत, साखरेची चाचणी चोवीस ते अठ्ठावीस आठवड्यांत. आपल्याकडच्या मुलींचा प्रश्न असतो माहेरी कधी जाऊ हा. मी म्हणते, सातव्या महिन्यात. अठ्ठावीस आठवड्यांनंतर बहुतेक विमान कंपन्या डॉक्टरांचं पत्र मागतात आणि छत्तीसनंतर साधारण घेतच नाहीत. डोहाळजेवण कोल्हापूरला गेल्यावर करा, त्यासाठी इथे थांबू नका. विमानात दर तासाला उठून चाला, पाणी प्या, कार्ड पिशवीत नको, हातात ठेवा.

तरी या निवांत चौकटीत काही गोष्टी अचानक तासांवर येतात. शिक्षक नवऱ्याबरोबर इथे राहणारी एक मुलगी आठव्या महिन्यात डोकं दुखतं म्हणून दिवसभर पडून होती. ऊन लागलं असेल असं सगळ्यांना वाटलं. आईने गावाहून फोनवर सुंठेचा लेप लावायला सांगितला होता, आणि तो कपाळावर वाळलेला तसाच होता. संध्याकाळी डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले तेव्हा नवरा तिला घेऊन आला. बीपी १७० वर ११०, चेहरा सुजलेला. अशा वेळी पुढचा टप्पा आकडीचा असतो. मॅग्नेशियमचं इंजेक्शन, बीपीची औषधं, आणि त्याच रात्री सिझेरियन. बाळ लहान झालं, पण ठीक आहे. म्हणून मी यादी पाठ करून घेते: वीस आठवड्यांनंतर डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमक, वरच्या पोटात दुखतंय, चेहरा-हात सुजलेत, रक्त किंवा पाणी जातंय, बाळाची हालचाल कमी झाली. यांतलं एकही झालं तर फोनवर सल्ला नाही, थेट दवाखाना. आयांनाही मी हेच कळवायला सांगते. लेप लावायला हरकत नाही, पण आधी बीपी बघून या.

रमजानमध्ये रोज्याचा प्रश्न हटकून येतो. गर्भवतीला धर्मानेच सूट आहे, पण घरातल्या सगळ्यांनी धरला आणि आपण नाही, याचं बायकांना वाईट वाटतं. मधुमेहाचं इन्सुलिन घेणाऱ्या बाईला मी नुसतं ‘करू नका’ म्हणत नाही. राहिलेले रोजे बाळंतपणानंतर, थंडीच्या छोट्या दिवसांत पुरे करता येतील असं म्हणते. पुढची तारीख दिली की मन तयार होतं.

फुप्फुसाच्या कॅन्सरबद्दल बोलताना मला अजूनही जड जातं. सोलापूर जिल्ह्यातले एक क्रेन ऑपरेटर तीन महिने खोकत होते. औषधाच्या दुकानातून आणलेली सिरपं आणि प्रतिजैविकं झाली, वजन उतरलं, आणि थुंकीत रक्ताची रेघ दिसली तेव्हा आले. एक्स-रेमध्ये डाग. आपल्याकडे असा डाग दिसला की क्षयच असणार असं धरून औषधं सुरू होतात, आणि सहा महिने गेल्यावर कळतं की तो क्षय नव्हताच. क्षयाची थुंकीची नवी तपासणी काही तासांत उत्तर देते. ती नकारात्मक आली तर पुढे सीटी स्कॅन आणि गाठीचा तुकडा, यात आडकाठी नको. तीन आठवड्यांहून जास्त खोकला, रक्त, बसलेला आवाज, उतरणारं वजन: विडी-सिगारेट किंवा इथली ती ‘मिदवाख’ नावाची छोटी चिलीम ओढणाऱ्याने तर एक आठवडाही काढू नये. पण न ओढणाऱ्यांनाही हा आजार होतो, चुलीच्या धुरात आयुष्य काढलेल्या बायकांनाही. हे सांगितल्यावर ‘मी तर कधी सुपारीही खाल्ली नाही’ असं म्हणत लोक बघत राहतात.

त्या क्रेन ऑपरेटरांचा आजार पसरलेला निघाला. मेहुण्याने आल्या आल्या सांगितलं, त्यांना काही बोलू नका, आम्ही मुंबईला नेतो. ओमानी घरांतही हेच होतं. मुलगे दारात अडवतात आणि म्हणतात, वडिलांना कळता कामा नये. मी भांडत नाही. फक्त विचारते, त्यांनी स्वतः विचारलं तर? आणि ते विचारतातच. या गृहस्थांनी रात्रीच्या ड्यूटीत मला विचारलं, आणि तेही किती सरळ.

“सिस्टर, पोरीचं लग्न ठरलंय. तुळशीच्या लग्नानंतर धरलंय. ते तसंच ठेवू का अलीकडे घेऊ?”

तेव्हा जून चालू होता. डॉक्टरांनी सकाळी मेहुण्याला जवळ बसवून त्यांच्याशी बोलणं केलं. किती दिवस, हे कुणी सांगू शकत नाही असं ते म्हणाले. पण तुम्हाला स्वतः उभं राहून लग्न लावायचं असेल तर अलीकडे घ्या. चातुर्मासात मुहूर्त नसतो म्हणून घरच्यांची कुरकुर झाली, मग श्रावणात काढीव मुहूर्त सापडला. उपचारांचं वेळापत्रक त्याभोवती बसवता आलं. गाठीच्या तुकड्यावरून जनुकीय तपासणी व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि रुग्ण धडधाकट असेल तर त्या रिपोर्टसाठी थांबणं चांगलं. कारण काही प्रकारांत केमोऐवजी नुसत्या गोळ्या चालतात. मी त्यांना इथून निघताना तुकड्याचा मेणाचा ठोकळा आणि काचपट्ट्या बरोबर द्यायला लावल्या. नाहीतर तिकडे पुन्हा सुई, पुन्हा आठवडा. त्यांना गोळ्या लागू पडल्या आणि दिवाळीही गेली. पण लग्न श्रावणात झालं याचं त्यांना शेवटपर्यंत समाधान होतं, असं मुलीने कळवलं.

आणि आता बाळं. माझं मन सगळ्यात जास्त त्यांच्यात आहे.

एक आजी पाच दिवसांच्या नातवाला घेऊन आली. बाळ पावलांपर्यंत पिवळं, दूध ओढत नव्हतं, आणि पोटावर बेंबीभोवती तीन गोल डाग. ताजे, कडेला लाल, मध्ये करड्या रंगाचे. तापवलेल्या लोखंडाचे चटके. इथे त्याला ‘वसम’ म्हणतात, आणि काविळीवर, पोटदुखीवर, रडण्यावर तो जुना उपाय आहे. बिलिरुबिन ३८० निघालं. भारतातल्या हिशेबात बावीस. बाळाला जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता होती. ओमानमध्ये साधारण चार मुलग्यांत एकाला ती असते, म्हणून जन्मताच नाळेच्या रक्तातून तपासतात आणि गुलाबी कार्डावर लिहितात. आईला सांगितलेलं होतं. पण बाळ सांभाळत होती आजी, आणि आजीला कुणी काही सांगितलं नव्हतं. तिने मोठ्या नातवाचं लोकरीचं पांघरूण पेटीतून काढून बाळाला गुंडाळलं होतं. पेटीत डांबर गोळ्या. ही कमतरता असलेल्या बाळाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी डांबर गोळ्यांच्या वासानेही फुटू शकतात. मेंदीनेही. अंगाला मेंदी लावल्यावर रक्तपेशी फुटून आलेली बाळं या भागात पाहायला मिळतात. पुढे आयुष्यभर बाकला शेंगांचे दाणे आणि काही औषधं टाळावी लागतात. एवढी काळजी घेतली की अशी मुलं अगदी चांगली वाढतात.

बाळ निळ्या प्रकाशाखाली गेलं, डोळ्यांवर पट्टी, अंगावर फक्त लंगोट. रक्त बदलायची वेळ आली नाही. एक तरुण डॉक्टर चटक्यांवरून आजीला फार बोलले. तिने तोंड फिरवलं आणि दोन तास कुणाशी बोलली नाही. मी तिच्याजवळ खाली बसले. हळूहळू ती बोलायला लागली. तिची स्वतःची किती मुलं जगली आणि किती गेली हे तिने बोटांवर मोजून दाखवलं. १९७० च्या आधीचा तो काळ. तेव्हा साऱ्या ओमानमध्ये अमेरिकन मिशनची नाव घेण्यासारखी रुग्णालयं होती ती मस्कत-मत्रहला, आणि इथून मत्रह उंटावरून कित्येक दिवसांवर. हजारात शंभराहून जास्त बाळं पहिल्या वाढदिवसाआधीच जात. आज तो आकडा दहाच्या आसपास आहे, आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत ओमानची आरोग्यव्यवस्था आठवी आली होती. पण आजीचा हात अजून त्या काळातलाच होता. बाळ पिवळं पडलं की काहीतरी ताबडतोब करायला हवं, हे तिला बरोबर कळलं होतं. तिच्याजवळ करण्यासारखं होतं ते लोखंड.

मेळघाटात कोरकू वस्त्यांवर बाळांच्या पोटावर असेच चटके देतात, त्याला ‘डम्मा’ म्हणतात. बातम्या येतात, आपण हळहळतो, आईबापांवर गुन्हे दाखल होतात. मला वाटतं, ज्या बाईच्या हातून हे होतं तिच्या हाताला दुसरं काम दिल्याशिवाय ते थांबायचं नाही. म्हणून मी आजीला कामं दिली. रोज सकाळी खिडकीपाशी बाळाचं कपाळ आणि नाक अंगठ्याने दाबून, अंगठा काढल्यावर खाली दिसणारा रंग बघायचा. मग छाती, मग पोट, मग मांडी. पिवळेपणा डोक्याकडून पायाकडे उतरतो. पोटाखाली गेला की त्याच दिवशी यायचं. पहिल्या चोवीस तासांत दिसला तर मोजत बसायचं नाही, लगेच निघायचं. दर दोन-तीन तासांनी अंगावर पाजायला सुनेला उठवायचं, बाळ झोपलेलं असलं तरी. ओले लंगोट मोजायचे, पाचव्या दिवसापासून दिवसाला सहा तरी हवेत. बाळ मलूल झालं, किंचाळल्यासारखं रडलं, पाठ मागे कमानीसारखी ताणली, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी. पेटीतली पांघरुणं तिने त्याच आठवड्यात धुवून उन्हात टाकली. सून सांगत होती, आता आजूबाजूच्या घरांतली बाळंसुद्धा ती खिडकीपाशी नेऊन दाबून बघते.

शिकलेल्या मराठी घरांतही हा प्रश्न सुटलेला नाही. ‘कोवळ्या उन्हात ठेवा, कावीळ उतरेल’ हा सल्ला सगळीकडे मिळतो. उन्हाने अंगावरचा पिवळेपणा कमी दिसतो, पण रक्तातलं बिलिरुबिन धोक्याच्या पातळीवर असेल तर तेवढ्याने भागत नाही, आणि इब्रीच्या जूनमध्ये सकाळी आठचं ऊनही कोवळं नसतं. बाळाला मध चाटवणं, गुटी उगाळून देणं, ग्राइप वॉटर. इथे ओमानी लोक खजूर चावून त्याचा गर बाळाच्या टाळूला लावतात, भावना तीच. मी सांगते, वर्षाच्या आत मध नको, त्यातून क्वचित होणारी विषबाधा बाळाचे स्नायू लुळे पाडते. सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीही नको. पाणी नको यावर इथल्या उन्हात सगळ्यांचा विश्वास बसायला वेळ लागतो. मग मी पुन्हा लंगोट मोजायला सांगते. सहा ओले असले की पाणी पुरतंय हे त्यांचं त्यांना दिसतं.

अलीकडे भारतातून नातेवाइकांचे रिपोर्ट व्हॉट्सॲपवर येतात. मागच्या महिन्यात इस्लामपूरहून भाचीचा व्हिडिओ कॉल आला, बाळ चार दिवसांचं. “मावशी, जरा पिवळं वाटतंय का गं? बघ ना.” खोलीत ट्यूबलाइट, मागे हिरवा पडदा. मी पाहिलंच नाही. तिला म्हटलं, फोनवर रंग कळत नाही, कुणालाच कळत नाही. खिडकीपाशी ने आणि मांडी दाबून बघ. तिने दाबली. पिवळी होती. रविवार होता, डॉक्टर उद्या भेटतील असं सासूबाई म्हणत होत्या. मी त्यांना फोन द्यायला सांगितला आणि म्हटलं, “वहिनी, हे उद्याचं काम नाही, आजचं आहे. सांगलीला ज्या दवाखान्यात फोटोथेरपी आहे तिथे सरळ जा, वाटेत पाजत न्या.” त्या निघाल्या. बिलिरुबिन एकोणीस होतं. दोन दिवस बाळ लाइटखाली राहिलं, तिसऱ्या दिवशी घरी आलं, आणि गुरुवारी पुन्हा तपासायला नेलं तेव्हा अकरावर उतरलं होतं.